सहावं घर

१२ ऑगस्ट १९९८, बुधवार

पाच स्क्रू काढले. सहावा फ्रिजखाली गेला. तो शोधण्यात पाऊण तास गेला आणि एक जुना चमचा सापडला.

ही वही व्हर्ना मावशीने दिली. "काय कुठून काढलं ते रोजच्या रोज लिहून ठेव, एमेट. तुझं डोकं म्हणजे चाळणी आहे." पहिली चार पानं तिच्या लोणच्यांच्या कृतींनी भरली होती, ती मी फाडली. काकडीचं लोणचं कसं घालतात हे मला कळून काय उपयोग?

तर काम असं. मावशीच्या नवऱ्याचं, हार्लन काकांचं रिव्हॉल्व्हर, त्यांनी एकसष्ट साली घेतलेलं, जुन्या घाटाचं. घोडा अंगठ्याने मागे ओढायचा, की काडतुसांच्या सहा घरांचं चक्र एक घर पुढे सरकतं. आता सरकत नाही. आत बोटाच्या पेराएवढी एक पोलादी पट्टी असते, चक्राचे दाते ढकलणारी. तिला इथे सगळे 'हात' म्हणतात. त्या हाताच्या पाठीवरची स्प्रिंग तुटली आहे. जुना काढायचा, नवा घालायचा. दुपारभराचं काम.

काका फेब्रुवारीत गेले. मी तेव्हा नेवाडात जत्रेतले पाळणे उभे करत होतो, मला दोन महिन्यांनी कळलं. मे महिन्यात इथे आलो ते दोन दिवसांसाठी. पाच सप्टेंबरला क्लबचा नेमबाजीचा सामना काकांच्या नावाने आहे, आणि पहिल्या पाच गोळ्या मावशीने काकांच्याच रिव्हॉल्व्हरने झाडायच्या असं त्या नटव्या मंडळींनी ठरवलंय. गावातला एकुलता एक बंदूक-कारागीर ऑस्ट्रँडर म्हणाला, वसंतात घेऊन या. वसंतात. त्याच्या दुकानात धूळ खात बसलेल्या बंदुका पाहिल्यात मी. म्हातारा दिवसभर कॉफी पितो आणि खिडकीतून लोकांच्या गाड्यांना नावं ठेवतो. मी म्हटलं, मीच करतो.

मावशी म्हणाली, "करशील. पण चक्राला कानस लावायची नाही. आणि त्याच्यावर तो जो..." तेवढ्यात रेडिओवर शनिवारच्या खेचरांच्या लिलावाचं सांगायला लागले, म्हणून मी आवाज मोठा केला.

१५ ऑगस्ट, शनिवार

लिलावाला गेलो. एक करडं खेचर माझ्याकडे अशा नजरेने बघत होतं की त्याने मला आधीच पारखून नापास केलं असावं. घेतलं नाही.

तिथे क्लबवाले भेटले. या लोकांबद्दल एकदा लिहून टाकतो. आठवडाभर हे दात काढतात, विमा विकतात, शाळेत भूमिती शिकवतात. महिन्यातून एका शनिवारी शंभर वर्षांपूर्वीचे कपडे चढवतात, मिशांना मेण लावतात आणि एकमेकांना खोट्या नावांनी हाका मारतात. डॉक्टर प्रुइट दातांचा डॉक्टर. तिथे त्याचं नाव 'पापी पाद्री'. बुटांना घोड्याला टोचायच्या आऱ्या लावून येतो. घोड्यावर एकदा बसला होता, तेव्हा कॉलरबोन मोडून घेतलं. मावशीचं तिथलं नाव 'रानकोंबडी'. काका नावच घेत नसत. "मला एक नाव आहे, तेवढं पुरे," म्हणायचे. म्हणून मला काका आवडायचे. शिवाय काकांच्या हातून कधी काही बिघडलं नाही. पंप असो, घड्याळ असो, काकांनी उघडलं की ते नीट होऊनच मिटायचं.

प्रुइटने विचारलं, "काय रे, तू कधी येणार क्लबात? तुला नाव काय द्यायचं?"

"'गैरहजर' द्या," मी म्हटलं.

हसला. दात मात्र चांगले आहेत त्याचे.

१९ ऑगस्ट, बुधवार

पार्सल आलं. मावशीने फोन करून एक हात मागवला होता, पाकिटात तीन निघाले. तिकडच्या गोदामात माकडं बसवलेली दिसतात. मावशीला दाखवले तर म्हणाली, "असू दे, परत कशाला पाठवायचे," आणि वाटाणे सोलायला लागली.

सोबत चिठ्ठी: 'जसाच्या तसा बसतो. कानस लागणार नाही.' धादांत खोटं. हात आत गेला, पण चक्र अर्ध्यात येऊन अडकलं आणि घोडा वरच राहिला. लिहिणाऱ्याने आयुष्यात रिव्हॉल्व्हर पाहिलेलं नाही.

म्हणून आज नुसतं साफ केलं. बारा-बारा वर्षांचं तेल चिकटलेलं. चक्राच्या बाहेरच्या अंगावर, एका घरापाशी, मावशीच्या नेलपॉलिशचा लाल थेंब पडलेला होता. नखं रंगवताना उडाला असणार. थिनरने पुसून काढला. आता कसं सगळं निळं-काळं झळकतंय. असल्या वस्तूची या घरात कुणाला किंमत नाही.

२० ऑगस्ट, गुरुवार

ऑस्ट्रँडरकडे गेलो. मदत मागायला नाही, नुसतं एक विचारायला.

त्याने नवा हात उचलून डोळ्यासमोर धरला, मग डोळे बाजूला करून अंगठ्याने चाचपला. अंगठ्यानेच बराच वेळ. "लांब आहे," म्हणाला.

"ते मलाही दिसतंय."

"तुला दिसतंय ना? मग बरंय." कॉफीचा घोट. "एक ऐक. नवीन भाग स्वस्त असतो, बंदूक नसते. कानस लावायची ती नेहमी स्वस्त वस्तूला. एक हलका फटका मारायचा, परत जोडायचं, सहाही घरं फिरवून बघायची, परत उघडायचं, परत एक फटका. कंटाळा आला की उठून जायचं."

"असं तर महिना लागेल."

"हार्लनला दोन आठवडे लागायचे. आणि हार्लन तुझ्यापेक्षा बरा होता."

"काका कुणापेक्षाही बरे होते."

"जरा जास्तच बरा समजायचा स्वतःला. चाळीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून नेम धरला, पण आपलं रिव्हॉल्व्हर कधी दुसऱ्याला भरू दिलं नाही. मी भरायला घेतलं तर हिसकावून घ्यायचा." मग एकदम, "चक्राचे दाते बघितलेस का?"

"उत्तम आहेत," मी म्हटलं. बघितले नव्हते. दाते ते दाते.

निघताना म्हणतो, दारावरची पाटी जरा वाचून दाखव, वेळ काय लिहिलीय, पोरीने बदललीय म्हणे. स्वतःच्या दुकानाची पाटी. इतका आळशी माणूस मी पाहिलेला नाही.

२४ ऑगस्ट, सोमवार

पहिला हात वाया. हलका फटका, हलका फटका करता करता कंटाळलो आणि सहा-सात फटके एकदम मारले. आता तो इतका आखूड झालाय की दात्यांना नुसता कुरवाळतो.

मावशीने विचारलं, "झालं का?"

"स्टील हलकं आहे यांचं."

"हं," म्हणाली. "अजून दोन आहेत." आणि मक्याची भाकरी पुढे केली.

२७ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवस शेजारच्या बाईचा अकॉर्डियन उघडून बसलो होतो. आत उंदराचं घर. उंदीर बाहेर काढला, अकॉर्डियन वाजायला लागला. वाजवण्यापेक्षा उंदीरच बरा होता असं ऐकल्यावर वाटतंय.

आज परत रिव्हॉल्व्हर. ऑस्ट्रँडरने म्हटल्यासारखे चक्राचे दाते बघितले. एका दात्याच्या कडेला पोलादाची केसाएवढी कूस होती, बारीक काट्यासारखी नखाला लागत होती. दोन फटके मारून घेतली. फक्त दोन. चक्राला कानस लावायची नाही हे मला माहीत आहे, पण ते ठोंब्यांसाठी.

३१ ऑगस्ट, सोमवार

दुसरा हात बसला.

हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा बघितलं. चार दिवस दुसरं काही केलं नाही, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. एक फटका, जोडणी, सहा घरं, उघडणी. हाताला शाई लावायची आणि दाता कुठे घासतो ते शाईवर वाचायचं, ही युक्ती मीच काढली. घोडा ओढला की आतून चार टकटक येतात, स्पष्ट, सावकाश जिना उतरणाऱ्या माणसासारखी. तिसऱ्या टकटकीला चक्र कुलूपबंद होतं. पहिलं घर, दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. मी स्वयंपाकघरात एकटाच हसत होतो.

सहाव्यावर तीनच वाजल्या.

सावकाश ओढलं की चक्र कुलपापर्यंत येतच नाही. किंचित अलीकडे थांबतं, आणि बोटाने ढकललं तर डुलतं. घराचं तोंड नळीसमोर येत नाही नीट. या स्थितीत गोळी सुटली तर ती नळीच्या काठावर आपटणार आणि शिशाचे तुकडे बाजूने उडणार. झाडणाऱ्याच्या हातात, शेजाऱ्याच्या डोळ्यात.

चक्र काढून बघितलं. एक दाता बाकीच्यांपेक्षा बसका आहे. कुठला, ते वेगळं लिहायला नको. कूस होती त्याच्याच आसपासचा.

दोन फटके. काकांचं चक्र, सदतीस वर्षं धड राहिलेलं, आणि मी दोन फटक्यांत.

१ सप्टेंबर, मंगळवार

काही नाही.

२ सप्टेंबर, बुधवार

सकाळी मावशीने रिव्हॉल्व्हर मागितलं. दिलं. काय करणार होतो? तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, ऑक्टोबरात कापायचाय, म्हणून ती हल्ली वस्तू कानाशी नेते. घोडा ओढला. चार टकटक. परत ओढला. चार. डोळे मिटून ऐकत होती.

"तुझ्या काकांसारखा आवाज आणलास," म्हणाली.

तिसऱ्यांदा ओढला नाही. आणखी तीनदा ओढला असता तर तिला स्वतःच कळलं असतं आणि मला काही बोलावं लागलं नसतं. या बाईला कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत तपासायची सवयच नाही. फडक्यात गुंडाळून काकांच्या चामडी पट्ट्याशेजारी ठेवून दिलं.

मी म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. "अजून मका आहे का?" एवढंच बाहेर पडलं.

३ सप्टेंबर, गुरुवार

मावशी गावात गेल्यावर तिसरा हात घालून बघितला, लांबच ठेवून. सहावं घर कुलपात आलं, पण बाकी पाच करकचून अडकली. सगळं होतं तसं जोडून ठेवलं. म्हणजे दोष हातात नाही, दात्यात आहे. भागावरचं घासलेलं बदलता येतं. चक्रावरचं घासलेलं परत उगवत नाही.

तरी हिशेब करून बघितला. हे लोक सहा घरांत पाचच काडतुसं भरतात. या जुन्या घाटाच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा भरलेल्या घरावर टेकवून ठेवला आणि धक्का लागला तर उडतं, म्हणून एक भर, एक सोड, चार भर. घोडा रिकाम्या घरावर. म्हणजे सहात एक वेळा वाईट घर आपोआप रिकामं राहील. पाच वेळा राहणार नाही. भूमितीचा मास्तर क्लबात आहे, त्याला विचारायला हवं की याला चांगली शक्यता म्हणतात का.

४ सप्टेंबर, शुक्रवार

ठरलं. उद्या नऊ वाजून दहाची बस. इथे मे महिन्यापासून आहे, हेच खूप झालं. मला एका जागी राहून असंही काही बरं होत नाही. सामना काय, नटव्यांचा खेळ. प्रुइट आहे तिथे, ऑस्ट्रँडर आहे, कुणीतरी बघेलच. इतक्या शहाण्यांत एकाला तरी दिसेल.

मावशी काकांचा पट्टा पॉलिश करत बसली आहे. कमरेला दोन भोकं जास्तीची पाडून घेतली. "उद्या तू माझ्याबरोबर उभा राहा," म्हणाली. मी म्हटलं बघू.

५ सप्टेंबर, शनिवार

सविस्तर लिहितो. नंतर मला वाटेल की मी काहीतरी बरं वागलो, म्हणून खरं काय घडलं ते इथे असू दे.

मावशी आठ वाजता प्रुइटच्या गाडीतून गेली, लांब घेराचा झगा घालून. मी अंघोळीचं निमित्त सांगितलं. पेट्रोल पंपावरून बस पकडली. बस क्लबच्या मैदानावरूनच जाते हे मला ठाऊक होतं, तरी मी त्याच बाजूच्या खिडकीत बसलो. मूर्खपणा. मैदानावर झेंडा अर्ध्यावर, गाड्या, टोप्या, आणि काडतुसं भरायच्या टेबलाशी एक निळा झगा.

ड्रायव्हरला म्हटलं, थांबव.

"इथे थांबा नाही."

"मला ओकारी येतेय."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि दार उघडलं. माझी पिशवी बसमध्येच राहिली. वही खिशात होती.

काटेरी तारेतून जाताना शर्ट फाटला. मावशी टेबलावरून निघून झाडायच्या जागी उभी राहिली होती, रिव्हॉल्व्हर पट्ट्यात, बाकी सगळे मागे टोप्या छातीशी धरून. प्रुइटच्या हातात वेळ मोजायचं घड्याळाचं यंत्र. या लोकांचा एक नियम आहे: "थांबा" हा शब्द मैदानावर कुणीही उच्चारला, अगदी लिंबू सरबत विकणाऱ्याने, तरी सगळे जागच्या जागी थिजतात आणि कारण मागाहून विचारतात. मी तो शब्द उच्चारला. ओरडलोच म्हणा ना. साठ माणसं पुतळ्यासारखी उभी, एक मिशी वाऱ्याने हलत होती तेवढीच.

"मावशी, ते झाडू नकोस. एक घर बिघडलंय. मी बिघडवलं. दात्याला कानस लावली. सोमवारीच कळलं होतं मला."

मला वाटलं होतं निदान हसतील.

मावशीने हात पट्ट्यापासून दूर धरले. "प्रुइट, मी टेबलाशी परत जाते."

आम्ही टेबलाशी गेलो. ऑस्ट्रँडर खुर्ची ओढून आला. मावशीने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदा मला जे विचारलं ते असं, "माझा ठिपका कुठे गेला, एमेट?"

"कसला ठिपका?"

"लाल. चक्रावरचा. मघाशी भरताना शोधत होते, मला वाटलं माझ्या डोळ्यामुळे दिसत नाहीये. हा प्रुइट म्हणाला, कुठलंही एक सोड, व्हर्ना, लोक खोळंबलेत."

प्रुइट आपल्या आऱ्यांकडे बघायला लागला.

"तो मी पुसला," मी म्हटलं. "थिनरने. मला वाटलं सांडलंय."

"मी तुला सांगत होते त्याला जपायला. तू रेडिओ मोठा केलास."

तिने काडतुसं काढली. एकेक घर, टेबलावर ठेवत. मग रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा सावकाश ओढत, कान लावून, मोजत गेली. चार. चार. चार. तीन. तिथे थांबली आणि त्या घरावर अंगठा ठेवला. रिकामं सोडलेलं घर त्याच्या शेजारचं होतं. या घरात काडतूस होतं. पहिलीच गोळी तिथून सुटणार होती.

ऑस्ट्रँडरने चक्र मागून घेतलं. बघितलं नाही, अंगठ्याने दाते चाचपले, पुढे, मागे. "हे दोन फटक्यांचं काम नाही," म्हणाला. "एवढं जायला माणूस तासभर रागात बसायला हवा. आणि कडा घासून गुळगुळीत झाल्यात. हे जुनं आहे."

"एकोणऐंशीचं," मावशी म्हणाली. "नोव्हेंबर. तू त्याला भर क्लबात म्हणालास की हार्लन, हे काम तुझ्याने व्हायचं नाही, माझ्याकडे आण. त्या रात्री जेवला नाही. नुसता कानस घेऊन बसला."

"आणि मग?" ऑस्ट्रँडरने विचारलं.

"मग काय? पाचच तर भरतात. ठिपका माझाच, मी लावून द्यायची, दर उन्हाळ्याला नवा. ते घर रिकामं सोडायचा. एकोणीस वर्षं."

"एकोणीस वर्षं," ऑस्ट्रँडर म्हणाला, "तो माझ्या हातातून हिसकावून घ्यायचा." आणि खोकल्यासारखं काहीतरी करायला लागला. बऱ्याच वेळाने कळलं की हसतोय. "मरेपर्यंत मला सांगितलं नाही, गाढव."

"तुला सांगायचं नव्हतं म्हणूनच तर," मावशी म्हणाली.

मी तिथे उभा होतो, शर्ट फाटलेला, पिशवी बसमध्ये, साठ लोकांसमोर दुसऱ्याचा गुन्हा कबूल करून. काकांसारखा माणूस, आणि एकोणीस वर्षं नेलपॉलिशच्या आधाराने. मला राग आला. कुणाचा ते धड ठरेना.

मावशीने झग्याच्या खिशातून बाटली काढली. म्हणजे घेऊनच आली होती. "माझ्या डोळ्याला जमत नाही. लाव."

मी लावला. नको इतकं गोंदासारखं चिकट ते, म्हणून जरा पसरला. वाळेपर्यंत सगळे थांबले. दातांचा डॉक्टर, विमावाला, भूमितीचा मास्तर, टोप्या छातीशी, एक ठिपका वाळायची वाट बघत. असा हास्यास्पद देखावा मी जत्रेतही पाहिलेला नाही.

मग मावशीने रिव्हॉल्व्हर मला दिलं. "भर."

एक भर, एक सोड, चार भर. ठिपका घोड्याखाली. ऑस्ट्रँडरने अंगठा फिरवून बघितलं आणि मान डोलावली.

पाच झाडल्या. चार लागल्या, पाचवी मातीत गेली. "ती हार्लनची," मावशी म्हणाली आणि लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, पण डोळ्यांत धूर गेला होता.

परतताना प्रुइटने गुणपत्रिका दाखवली. मदतनीस या रकान्यात 'गैरहजर' लिहिलं होतं, आणि समोर बरोबरची खूण.

६ सप्टेंबर, रविवार

बसवाल्यांनी पिशवी पुढच्या गावात उतरवून ठेवली आहे. बुधवारनंतर बघू.

ऑस्ट्रँडरचा निरोप आला. त्याच्याकडे कुठल्याशा डब्यात त्या सालचं एक चक्र पडलंय, पण डबे सत्तर, त्यावरच्या चिठ्ठ्या बारीक अक्षरात, आणि उद्यापासून कुणीतरी येऊन त्या वाचून दाखवाव्या. स्वतः उठून शोधणार नाही. त्याच्या खिडकीत त्या बंदुका का पडून राहतात ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं: आळस. सकाळी आठला बोलावलंय.

मावशीला सांगितलं तर म्हणाली, "डबे वाच. चक्र मात्र आणू नकोस. आहे तेच राहू दे."

स्क्रू सहा. सगळे जागेवर. ठिपका एक, जरा फेंगडा.